देतेस का गं, काकू?

आमच्या प्राणिसंग्रहालयात कुणाला काही विचारायची पद्धत नाही. जनावरांना विचारत नाहीत, मला विचारत नाहीत, आणि साहेबांना त्यांच्या वरचे विचारत नाहीत. अख्ख्या आवारात विचारून काम व्हायचं ते एकाच जागी, अस्वलाच्या खड्ड्यामागच्या कोंदट खोलीत. तिथे मी सकाळी गजांपाशी स्टूल ओढून बसायचे आणि म्हणायचे, "देतेस का गं, काकू?" मग काकू जरा विचार करायची, नाक फुरफुरवायची आणि हात द्यायची.

काकू म्हणजे अस्वल. तपकिरी, म्हातारी, मागच्या गुडघ्यांनी अधू झालेली. दुपारी खाणं झालं की भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसायची आणि वरून वाकून बघणाऱ्या माणसांकडे अशी बघायची, की लग्नात येऊन प्रत्येकाच्या कपड्यांत खोड काढणारी कुणाची तरी काकूच. नाव लंबूने ठेवलं. लंबू म्हणजे शेजारच्या लांडग्यांचा माणूस, ताडमाड उंच आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. माझंही नाव त्यानेच ठेवलं होतं, फटाकडी. माझ्या नाकावर राग असतो म्हणून. मी ते कधी मनावर घेतलं नाही, एकदोनदा बादली फेकून मारली एवढंच.

हात द्यायची म्हणजे काय ते सांगते. गजांना बाहेरून एक लोखंडी नळकांडं बसवलेलं होतं, अस्वलाचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं. त्याच्या टोकाला धरायला आडवी दांडी. काकूने हात घालून दांडी पकडली की वरच्या फटीतून डॉक्टर तिच्या हातावरचे केस काढणार, सुई टोचणार, रक्त घेणार. तेवढा वेळ मी लांब दांड्याच्या चमच्याने तिला मध चाटवणार. पूर्वी हे नव्हतं. पूर्वी रक्त घ्यायचं असलं की बंदुकीतून भुलीची सुई मारायचे. बंदूक दिसली की काकू खड्डाभर पळायची, भिंतीवर चढायला बघायची, खाली आदळायची, आणि पाय लुळे पडेपर्यंत ओरडत राहायची. तो आवाज ऐकला की लंबूचे लांडगेसुद्धा कोपऱ्यात जाऊन बसायचे.

मग आम्हाला शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी हे नळकांडं लावून घेतलं आणि नियम घालून दिला. म्हणाल्या, "तिला नाही म्हणता आलं पाहिजे. तिने हात मागे घेतला तर ओरडायचं नाही, आमिष वाढवायचं नाही, दुसऱ्यांदा मागायचंही नाही. चमचा उचलायचा आणि निघून जायचं. आजचा दिवस संपला." हा नियम मला फार आवडला. पुढे म्हणाल्या, "शब्द छोटा ठेवा. 'हात' म्हणा, नाहीतर नुसतं 'दे' म्हणा."

मी म्हटलं, "बाई, नाही म्हणायची मोकळीक द्यायची आणि वर हुकूम सोडायचा? मग विचारायला नको का?"

त्या हसल्या. "अहो, तिला आवाज कळतो. अर्थ थोडाच कळतो?"

"तिला नसेल कळत. मला कळतो ना."

तेव्हापासून 'देतेस का गं, काकू' हाच आमचा शब्द. हा कार्यक्रम नेहमी न्याहारीच्या आधी चालायचा, कारण भरल्या पोटी चमचाभर मधासाठी कोण हात पुढे करणार? आणि काकू खरंच कधीकधी नाही म्हणायची. हात नळकांड्याच्या तोंडापर्यंत आणायची, मागे घ्यायची आणि पोटावर ठेवायची. मी लगेच उठायचे. डॉक्टर रिकामी सुई घेऊन परत. साहेब कुरकुरायचे, पण मला त्या दिवशी उलट बरं वाटायचं. जिला उठायचं कधी, खायचं काय, बसायचं कुठे ह्यातलं काहीच ठरवता आलं नाही, तिचा एवढा एक शब्द तरी चालतो, असं वाटायचं.

डॉक्टर म्हणजे माझीच लेक. आवाराच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, तिथे ती वाढली. बोलायला लागली तेव्हा आईच्या पाठोपाठ काकू म्हणायला शिकली, आणि ती काकू आपण नाही हे कळल्यावर तिच्या खऱ्या काकूने वर्षभर आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. शाळेतून आली की दप्तरासकट खड्ड्याच्या कठड्याशी. जनावरांची डॉक्टर झाली ती काकूमुळे, आणि शिकून परत इथेच आली तीही काकूमुळे. कामावर ती मला सगळ्यांसारखं 'मावशी' म्हणते. म्हणे, आई म्हटलं की हातातली सुई लहान मुलीची वाटते. मी तिला 'डॉक्टर' म्हणते. घरी आल्यावर मात्र ताट उचलून ठेवायला डॉक्टर आणि मावशी दोघी टाळाटाळ करतात.

आता खड्ड्याचं सांगते. गोल, सिमेंटचा, माणसाच्या तिप्पट खोल. मधोमध सिमेंटचंच एक झाड, ज्यावर गुडघे धड होते तेव्हाही काकूला चढता आलं नाही. वर कठड्यावर पाटी, 'वन्य प्राणी'. कसला वन्य? काकूचा जन्म दुसऱ्या गावच्या पिंजऱ्यातला. जंगलात तिच्यापेक्षा मीच जास्त वेळा गेलेय, शाळेच्या सहलीला एकदा. सुट्टीच्या दिवशी कठड्याला गर्दी व्हायची. काकू एका जागी उभी राहून डावीकडे-उजवीकडे डोलत राहायची, तासन्‌तास, आणि वरची माणसं पोरांना उचलून दाखवायची, "बघ, बघ, कसं नाचतंय!"

मी खालून ओरडायचे, "नाचत नाही ती! डोकं फिरलंय तिचं! तुम्हाला जन्मभर न्हाणीघरात कोंडलं तर तुम्हीही असेच नाचाल!"

ह्यावर साहेबांकडे माझी तक्रार गेली. साहेब वाईट माणूस नाहीत. मला बोलावून म्हणाले, "मावशी, तुमचं खरं आहे, पण जरा हळू आवाजात खरं बोला." साहेबांचं म्हणणं असायचं की लोकांनी बघितलं तर लोकांना जनावरांची माया वाटेल, पोरं शिकतील. मी पोरांना बघायचे. अस्वल सिमेंटमध्ये राहतं आणि बिस्किटं खातं, एवढं शिकून ती आइस्क्रीमच्या गाडीकडे पळायची. पण खोटं कशाला बोलू? माझ्या घरात एक पोर होतं, ते सगळं ह्याच कठड्यावर शिकलं. त्यामुळे साहेबांपुढे मला कधी पुरतं भांडता आलं नाही.

त्या पोरीनेच पुढे खड्ड्याविरुद्ध कंबर कसली. काकूच्या डोलण्याचं चित्रीकरण केलं, वरच्यांना दाखवलं, त्यांनी दार लावलं तर लोकांना दाखवलं. 'बघ कसं नाचतंय' म्हणणारीच माणसं ते बघून रडली. सह्या झाल्या, सभा झाल्या. कुणीतरी काकूचं चित्र छापलेले सदरे घालून फाटकाशी उभं राहिलं. मला वाटलं होतं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण हुकूम आला. ह्यापुढे कुठलंही जनावर खड्ड्यात ठेवायचं नाही. खड्डा फोडून तिथे मोठं आवार करायचं, माती, झाडं, पाण्याचं डबकं, आणि त्यात तरुण अस्वलांचं कुटुंब आणायचं.

साहेबांनी केक आणला. लंबूने माझ्या नाकाला क्रीम लावलं आणि मी त्याला मारलं नाही. घरी जाताना केकचा तुकडा ह्यांच्यासाठी कागदात बांधून नेला. माझे यजमान बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेत, आता टीव्ही दुरुस्त असला की खूश असतात. त्यांना म्हटलं, "काकू मातीत बसणार हो!" त्या आनंदात मला एक साधी गोष्ट सुचली नाही. आमच्यात कुणालाच सुचली नाही. खड्डा फोडायचा तर तो फुटत असताना काकू कुठे असणार?

लेकीने चौकशा सुरू केल्या. म्हाताऱ्या जनावरांना सांभाळणारी एक संस्था होती, त्यांच्याकडे जागा नव्हती. दुसरी म्हणाली, तरुण असेल तर पाठवा. तिसरी हो म्हणाली आणि काकूच्या गुडघ्यांचे फोटो बघून नाही म्हणाली. शिवाय एवढ्या लांब न्यायचं तर भूल द्यावी लागणार आणि तिचं हृदय ती भूल पेलणार नाही, हे लेकीने स्वतःच तपासून सांगितलं. नव्या आवारात तरुण अस्वलांत सोडली तर ती तिला फाडतील. मागच्या खोलीत बांधकाम होईपर्यंत कोंडावी तर ती खोली खड्ड्याहून लहान, आणि भिंतीपलीकडे यंत्रांचा धडाका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ना, तसं झालं. चांगल्या मनाच्या माणसांनी तिचा तुरुंग पाडायला काढला होता आणि आता चांगल्या मनाच्या माणसांकडे तिच्यासाठी जागा नव्हती. सदरेवाल्यांपैकी एकीला मी फाटकात गाठून विचारलं, "तुझ्या घरी नेतेस का?" तिचे डोळे भरून आले. तिला तरी काय बोलणार?

शेवटी साहेबांच्या खोलीत सगळे बसले. तिचे गुडघे, तिचं वय, रोजच्या गोळ्या, थंडीत तिला उठताही येत नाही, सगळं मांडून झालं. साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "मग तिला झोपवायचं ठरवू या."

"झोपवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "ती झोपतेच की रोज. मारायचं म्हणा."

लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, तुला एक विचारायचंय."

"विचार की. आपल्याकडे विचारायची पद्धत आहे."

"तिला दुखतं गं. तुला ती दिवसा दिसते. मी तिचे सांधे आतून बघितलेत. हाडावर हाड घासतं. तू हाक मारतेस म्हणून ती उठते, एरवी उठलीही नसती."

"मग हे दुखणं तुला हुकूम यायच्या आधी का नाही दिसलं?"

"दिसत होतं. मी ढकलत होते, पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू. खड्डा राहिला असता तर अजून वर्ष ढकललं असतं. ते बरं झालं असतं का, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मी नळ बंद केला.

"बंदुकीने करायचं नाही मला," ती म्हणाली. "पळेल, पडेल, घाबरून मरेल. तू समोर बसलीस आणि विचारलंस, तर ती हात देईल. सुई टोचल्यापलीकडे तिला काही कळणार नाही."

"मी नाही विचारणार."

"आई..."

"तिला नाही म्हणायची मोकळीक आहे, म्हणून मी विचारते. उद्या ती नाही म्हणाली तर साहेब म्हणणार आहेत का, बरं, राहिलं, घेऊन जा तिला? नाही ना? मग तो प्रश्न कसला? ती फसवणूक झाली."

"मग बंदूक आणते. तुझा शब्द खरा राहील आणि ती भिंतीवर डोकं आपटत जाईल. चालेल?"

बाहेरच्या खोलीत ह्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. हे सहसा आमच्या भांडणात पडत नाहीत, त्यांना जिवाची किंमत आहे. तिथूनच म्हणाले, "ती भेदरून जाऊ नये एवढं बघा. बाकीचं तुम्ही दोघी नंतर भांडा."

मला कुणावर ओरडावं तेच कळेना. ओरडायला समोर कुणीतरी चुकलेलं लागतं. लेक चुकली नव्हती, साहेब चुकले नव्हते, सह्या करणारेही चुकले नव्हते. सगळे बरोबर होते आणि मरणार काकू होती. मी तिथेच पाटावर बसले आणि रडले. लेक शेजारी बसली. आम्ही नंतर भांडलोही नाही.

ठरलेल्या दिवशी मी लवकर गेले. उकडलेली अंडी, पेअर, दुधात भिजवलेला पाव, एक अख्खा मासा आणि मधाचं पोळं, मेणासकट. काकूने आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, हे सगळं आपलंच का म्हणून. मी म्हटलं, "खा गं, तुझंच आहे." तिने सावकाश खाल्लं, अंड्यांची टरफलं गजांपाशी सारून ठेवली, मधाने माखलेले पंजे एक-एक करून चाटले आणि भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून बसली. मी तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही, बहुतेक लंबूच्या चहाड्या.

लंबू आला, पण त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही. "फटाकडी, चहा आणू?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता भिंतीशी उभा राहिला. साहेब इस्त्रीचा सदरा घालून दारात. खड्डा फोडणारं यंत्र फाटकाच्या आत येऊन थांबलं होतं, त्याचा चालक बाहेर सिगारेट ओढत होता. मग लेक आली. तिच्या हातात ट्रे, त्यावर पांढरं कापड.

मी स्टूल ओढलं. चमचा मधात बुडवला. "देतेस का गं, काकू?"

काकू गुडघे सांभाळत उठली, गजांपाशी आली. चमचा हुंगला. हात नळकांड्याच्या तोंडापर्यंत आणला. मग मागे घेतला, खाली बसली आणि पोटावर ठेवला.

मी उठले. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उठले. चमचा पुसला, स्टूल सरकवलं आणि दाराकडे निघाले. माझ्या आत काहीतरी उड्या मारत होतं. नाही म्हणाली! माझी काकू नाही म्हणाली!

"मावशी," लेक म्हणाली. मी थांबले नाही. "आई."

मी थांबले. "तिने नाही म्हटलंय. आजचा दिवस संपला."

लेकीची नजर अंड्यांच्या टरफलांवर गेली. "तू तिला खायला घातलंस?"

"मग काय उपाशी पाठवू?"

"आई, ती नाही म्हणत नाहीये. तिचं पोट भरलंय."

"पोट भरलं म्हणून म्हणाली असेल, मन भरलं म्हणून म्हणाली असेल. नाही म्हणजे नाही. उद्या विचारू."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बाहेर यंत्र येऊन उभं आहे हो." पण त्यांच्या आवाजातही जोर नव्हता. म्हणाले, "उद्यावर ढकलू का, डॉक्टर?"

लेक माझ्याकडेच बघत होती. "आणि उद्या ती हो म्हणाली, तर तुला बरं वाटेल?"

उद्या उपाशी ठेवून विचारायचं आणि तिने हात दिला की म्हणायचं, बघा, तिची मर्जी होती. परवाही तेच. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालणार होतं तो मी रोज विचारत बसणार, ती हो म्हणेपर्यंत. माझ्या तोंडात जेवढ्या शिव्या होत्या त्या सगळ्या आल्या आणि तिथेच राहिल्या. मी परत येऊन स्टुलावर बसले.

म्हटलं, निदान खोटं तरी नको. हुकूमच आहे तर हुकमासारखा सोडू. मी कडक आवाजात म्हटलं, "काकू, दे."

तिने मान तिरकी केली.

"दे!"

तिने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलतेय की काय म्हणून. मग परत माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दात तपासताना उघडायची तसं, मोठ्ठा आ. मी काही बोलले नाही, तशी तोंड मिटलं आणि एक पाय पुढे केला, नखं कापताना करायची तसा. मग अवघडून वळली आणि गजांना पाठ टेकून उभी राहिली, पाठीला औषध लावताना राहायची तशी. तिला जे जे येत होतं ते सगळं ती एकेक करून दाखवत होती. मला काय हवंय ते शोधत होती. तो शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

लंबू दार ढकलून बाहेर गेला. साहेबांनी चष्मा काढला.

"आई," लेक अगदी हळू म्हणाली, "तिला गोंधळवू नकोस."

काकू वळून परत माझ्यासमोर आली. तिचे मागचे पाय थरथरत होते, पण ती बसेना. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला तिला खरं सांगायची एकही वाट नव्हती. तिला कळणारी माझी भाषा तेवढीच होती.

मी चमचा मधात बुडवला. "देतेस का गं, काकू?"

तिने सुस्कारा सोडला, हो, सुस्काराच, शेवटी एकदाचं कळलं म्हणून सोडतात तसा, आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. पलीकडची दांडी घट्ट पकडली.

लेकीने केस काढले. तिचा हात जराही थरथरला नाही, एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे. मी चमचा काकूच्या तोंडाशी धरला. तिने तोंड बाजूला केलं. मी परत धरला, तिने नाकाने हळूच ढकलला. नको होता तिला. ती फक्त माझ्याकडे बघत होती, डोळे चोळून उठलेल्या पोरासारखी, काहीही न मागता. पहिली सुई झोपेची होती. तिचं डोकं गजांना टेकलं, श्वास जड झाला, दांडीवरची बोटं एकेक करून सुटली. मी गजांतून हात घालून तिचा कान धरला होता. दुसरी सुई लेकीने कधी दिली ते मला कळलं नाही, तिने कानाला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली तेव्हा कळलं.

साहेब काहीतरी म्हणाले, आभार की काय, आणि निघून गेले. बाहेर चालकाला कुणीतरी सांगितलं, अजून थांबा.

लेकीने हातमोजे काढले आणि माझ्या स्टुलाशी जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्याला डोकं टेकून. इतका वेळ तिची नजर काकूच्या हातावर, त्या शिरेवर होती, चमच्याकडे तिने बघितलंच नव्हतं.

"बंदूक नाही लागली," ती म्हणाली.

"नाही लागली."

"घाबरली नाही ना गं?"

"नाही घाबरली."

मग ती म्हणाली, "ती मधासाठी देते, नाही का? त्या बाई म्हणायच्या तसं. तिला बाकी काही कळत नसतं. मध दिसला की हात देते. तेवढंच ना, आई?"

माझ्या उजव्या हातात चमचा तसाच होता, मधाने भरलेला. मी तो हळूच पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तेवढंच गं," मी म्हणाले. "मधासाठीच. खादाड होती मेली."